हातभर लाकडं

आमच्या गोठ्यात एक म्हैस होती, बैलांची जोडी होती आणि मागच्या भिंतीला लागून माझ्या आईवडिलांच्या सरणाची लाकडं होती. दोघंही तेव्हा चांगली धडधाकट होती. हे ऐकून आता कुणी दचकलं की मला हसू येतं, कारण आम्ही भावंडं त्या लाकडांवर चढून खेळलो आहोत. लपाछपीत माझी जागा ठरलेली होती, आप्पांच्या थप्पीच्या मागं. भावाची आईच्या थप्पीमागं. सापडलो की दोघांनाही आईच्या हातचा धपाटा मिळायचा, लाकडांवर नाचलो म्हणून नाही, साप असतो म्हणून.

आमचं गाव सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. थोडी द्राक्षाची बाग, थोडा कांदा, बाकी सोयाबीन नाहीतर गहू, अशी आमची शेती. शेतीत ते चारचौघांसारखेच होते, पण लाकडाच्या बाबतीत मात्र त्यांचा हट्ट म्हणजे हट्ट.

तो हट्ट कुठून आला ते मला आईनं सांगितलं. आजोबा भर श्रावणात गेले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. झड लागलेली, आणि अख्ख्या गावात कोरडं लाकूड नाही. मिळाली ती ओली लाकडं नेली, त्यावर रॉकेल ओतलं, शेवटी कुणीतरी जुने टायर आणून टाकले. सरण पेटेना, नुसतं धुमसत राहिलं. माणसं कंटाळून घरी गेली आणि आप्पा एकटेच गोणपाट डोक्यावर घेऊन नदीकाठी बसून राहिले. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ असं पुढं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, “म्हणणाऱ्यानं ओलं कधी जाळून पाह्यलं नाय.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बांधावरच्या दोन जुन्या बाभळी पाडल्या. एक माझी, एक हिची, असं आईला सांगून टाकलं. आईनं कपाळाला हात लावला. “लोकांच्या गोवऱ्या मसणात जातात, आमच्या घरात मसणच गोठ्यात आलं,” ती म्हणाली. पण ओंडके आत न्यायला दुसऱ्या टोकाला हात तिनंच लावला होता.

आमच्याकडे लाकडाची मापं दोनच. सरणाचं लाकूड पुरुषभर, चुलीचं हातभर. सरणाचं लाकूड फोडत नाहीत, अख्खा ओंडका ठेवतात. चुलीचं मात्र करवतीनं तोडायचं, मग उभं करून कुऱ्हाडीनं फोडायचं. पुरुषभर लाकूड कधीही हातभर करता येतं, हातभराचं पुरुषभर होत नाही. आप्पा हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू आम्ही भावंडं रोज तसा प्रयत्न करत होतो.

उन्हाळ्यात रानात काम नसलं की त्यांची लाकडं सुरू व्हायची. बाभूळ, कडुनिंब, कुणी जुनी बाग तोडली की द्राक्षाची वेडीवाकडी खोडं. उंबर आणि पिंपळ सोडून त्यांना काहीही चालायचं. सकाळी अंगणात दगडावर कुऱ्हाडीला धार लावायचे, बोटाच्या नखावर ती धार तपासायचे आणि मग आम्हाला लांब उभं करायचे. गाठीचं लाकूड आलं की त्याच्याशी बोलायचे. “येतो का नाय? पाहतोच तुला.” मग पाचर ठोकायचे, घण मारायचे, आणि लाकूड उघडलं की आतला तांबूस गाभा आम्हाला दाखवायचे. माझं काम ढलप्या गोळा करायचं. त्या न्हाणीघराच्या बंबाला जायच्या. थप्पी मात्र कुणाला रचू द्यायचे नाहीत. भावानं एकदा रचली तर ती पूर्ण उतरवून पुन्हा लावली, त्याच्यासमोर. भाऊ आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

नाशिकची थंडी म्हणजे नुसती मौज, असं शहरातल्यांना वाटतं. पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी येते आणि लोक कपाटातून स्वेटर काढतात. नदीकाठच्या उघड्या रानात, मातीच्या भिंतीच्या आणि पत्र्याच्या घरात ती थंडी वेगळी असते. पत्रा रात्रभर दवानं गळतो, पाऊस नसताना. बागांना थंडी बाधू नये म्हणून लोक वेलींच्या रांगांमधून शेकोट्या पेटवायचे. आमच्याकडे पहिली शेकोटी आईसाठी असायची.

आईला दमा होता. चुलीपुढं उभं आयुष्य गेलं, त्या धुरानं दिला असेल. थंडी सुरू झाली की तिची छाती वाजायला लागायची. पलीकडच्या खोलीतून आम्हाला तो आवाज ऐकू यायचा, बारीक शिट्टीसारखा. तिला ऊब हवी आणि धूर तर अजिबात नको, अशी दुहेरी पंचाईत. त्यावर आप्पांनी एक रीत बसवली होती. वाळलेली बाभूळ अंगणात पेटवायची, धूर, जाळ सगळा तिथंच संपू द्यायचा, आणि निखारे लालबुंद झाले की लोखंडी घमेल्यात भरून तिच्या खाटेजवळ आणून ठेवायचे. दार किलकिलं ठेवायचं. बाभळीचा निखारा लवकर राख होत नाही. “धूर दुनियेला, ऊब घरच्याला,” असं म्हणत ते घमेलं आत आणायचे. आई हात पुढं करून बसायची आणि तेवढ्यातही टोमणा मारायची, “जित्तेपणी एवढं शेकवता, मग गोठ्यातलं ते कशाला ठेवलंय?”

“ते तिथं कामाला येईल.”

“मेल्यावर शेकायची केवढी ती हौस माणसाला!”

हे त्यांचं दर हिवाळ्यातलं भांडण. मला ते आवडायचं. आई टोमणे मारतेय म्हणजे तिला श्वास पुरतोय, हे मला लहानपणीच कळलं होतं.

मी दहावीला होते त्या वर्षी भर थंडीत पाऊस आला. दोन दिवस पिसाळल्यासारखा पडला. द्राक्षाचे मणी तडकले, आणि अंगणातली लाकडांची मोठी थप्पी आतपर्यंत भिजली. वर टाकलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं कधीच उडून गेला होता. पाऊस उघडला आणि मागोमाग अशी थंडी पडली की सकाळी हौदाच्या पाण्यात हात घालवेना. आई तिसऱ्या दिवशी झोपली ती उठेना. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडायला लागली. नाशिकला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पंप दिला, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की ऊब पाहिजे, धुराचा वास नको, यावेळी हयगय झाली तर जड जाईल. भाऊ नुकताच सातपूरला कंपनीत लागला होता. सुट्टीच्या दिवशी तो तारेचा हीटर घेऊन आला. पण लाईटीचा भरवसा नव्हता. असली तरी ती तार जेमतेम लाल व्हायची आणि नसली की हीटर खाटेखाली गप्प पडून असायचा.

आप्पांनी काय काय केलं नाही! ओली लाकडं चुलीभोवती उभी करून वाळवली. ती वरून कोरडी दिसायची आणि पेटवली की बुडातून फेस यायचा. शेजारीपाजारी मागून पाहिलं, त्यांचीही तीच गत. तुराट्या जाळल्या, पण तुराटी भडकते आणि विझते, तिचा निखारा होत नाही. ओल्या लाकडाचे काळपट निखारे आत आणले की थोड्या वेळानं धुमसायचे, आई खोकायला लागायची आणि आप्पा घमेलं उचलून पळत बाहेर न्यायचे. आत आणायचं, बाहेर न्यायचं. आई तोंडाला पदर लावून डोळ्यांनीच सांगायची, राहू द्या. तिचे ओठ निळसर पडलेले असायचे. अभ्यासाचं पुस्तक पुढं घेऊन मी तिच्या छातीचा आवाज ऐकत बसायचे, आणि तो थांबला तर, याच्यापुढं माझं डोकं चालायचं नाही.

मग एका सकाळी अंगणातून कुऱ्हाडीचा आवाज आला. मी आईला उशीला टेकवून चहा पाजत होते. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडली की थप्प असा बसका आवाज येतो. हा तसा नव्हता, खणखणीत होता. आईनं बशी बाजूला सारली.

“काय तोडताय?” तिनं विचारलं. तिचा आवाज दारापर्यंतही गेला नसता. मी दारात जाऊन तेच मोठ्यानं विचारलं. आप्पांनी वर पाहिलं नाही.

मला दिसत होतं ते मी आईला सांगितलं. अंगणात पुरुषभर लांबीचा ओंडका आडवा पडला होता. त्याचे करवतीनं दोन तुकडे झाले होते, तिसरा पडत होता.

आई खाटेवरून उतरली. भिंतीला धरत, मला धरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यात बसली. “कोणाचं तोडताय?”

“माझं,” आप्पा म्हणाले.

“माझं तोडा.”

“तुझ्या लाकडाला हात लावायची माझी हिंमत नाय.”

आप्पांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. ते म्हणाले आणि लगेच पाचर शोधायला लागले. ती समोरच होती.

आईला रडायलाही श्वास पुरत नव्हता. “सवाष्ण बाई मी,” ती थांबत थांबत म्हणाली, “नवऱ्याचं सरण जाळून शेकू? लोक काय म्हणतील? देव काय म्हणंल?”

“देवाला म्हण, कोरडं लाकूड दे मग,” आप्पा म्हणाले. “मला अजून लय टाइम हाय. लागंल तवा दुसरं झाड पाडीन. तू आत हो आधी, वारं लागतं.”

पहिलं घमेलं तिनं पायानं लोटलं. निखारे जमिनीवर सांडले, आप्पांनी चिमट्यानं एकेक उचलून परत भरले आणि खाटेजवळ ठेवून तिथंच जमिनीवर बसले. खोली हळूहळू उबदार झाली. धुराचा लवलेशही नव्हता. बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडलेली आई कधीतरी या कुशीवर वळली आणि तिनं हात पुढं केले. मी उठून चुलीकडं गेले, मला तिथं बसवेना.

त्या थंडीत आप्पांची बाभूळ रोज थोडी थोडी हातभर होत गेली. करवत, कुऱ्हाड, पाचर, घण. ती लाकडं इतकी वर्षं वाळलेली होती की फोडताना काचेसारखी उघडायची. आई हळूहळू पूर्ण वाक्यं बोलायला लागली. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तशी ती गेली, आणि आई उठून चुलीपुढं बसली. गोठ्यात आप्पांच्या जागेवर नुसते खालचे दगड राहिले. फोडलेल्यातली थोडी लाकडं उरली होती. आप्पा ती बंबात घालायला निघाले तेव्हा आईनं त्यांच्या हातातून काढून घेतली, एका पोत्यात भरली आणि फडताळाखाली सारली.

दुसरं झाड पाडायचं राहून गेलं. त्या उन्हाळ्यात बाग नव्यानं लावायची होती, मग भावाच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं.

त्याच वर्षी आषाढात, झडीच्या दिवसांत, आप्पा सकाळी बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले आणि परत आले नाहीत. आई पाहायला गेली तर रिकाम्या दगडांवर बसलेले, पाठ भिंतीला टेकलेली. डोक्यावरचं गोणपाटही तसंच होतं. तिला वाटलं दमलेत.

गाव जमलं. बाहेर पाऊस कोसळत होता. कोरडं लाकूड कुठं आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणाचं आहे तेही माहीत होतं, म्हणून कुणी बोलेना. शेवटी चुलते म्हणाले, “वहिनी, ते तर तुमचं हाय.”

“माझंच हाय ना?” आई म्हणाली. “मग मी देते.”

बायकांनी स्मशानात जायचं नाही, म्हणून आम्ही दोघी ओट्यावरच होतो. बैलगाडीवर पत्रे झाकून तिची लाकडं गेली. भाऊ परत आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता. आईनं त्याला एवढंच विचारलं, “पेटलं?”

“लगेच पेटलं.”

“धूर?”

“नाय झाला.”

तिनं मान हलवली. पण दहाव्याच्या आत शेजारची एक बाई जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. नवऱ्याचं लाकूड आधीच जाळलं, मग दुसरं काय होणार? आईच्या तोंडावर नाही बोलली, पण आईला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलली. त्या बाईचा मला आजही राग येतो. ती जाऊन वर्षं झाली तरी येतो. कारण आईनं ते शब्द उचलून आत ठेवले. पुढं कधीही विषय निघाला की ती म्हणायची, “त्यांचं आयुष्य मी शेकून संपवलं.” आम्ही समजावलं, चिडलो, तिला शपथा घातल्या. ती ऐकून घ्यायची आणि पदराशी चाळा करत बसायची. नवरा-बायकोत आधी कोण जाणार याचा हिशेब लाकडावर होत नसतो, हे मला कळतं, तिलाही कळत असावं. पण तिच्या छातीला ज्या उबेनं वाचवलं, तिचंच ओझं ती छातीवर घेऊन जगली.

नंतर भावानं तिला सातपूरला नेलं. जमीन वाट्यानं दिली, बैल विकले. मीही लग्न होऊन नाशिकलाच आले होते, बसनं जाऊन येऊन असायचे. भावाचं घर दोन खोल्यांचं. आईनं गावाहून येताना दोन लुगड्यांची पिशवी आणि ते पोतं आणलं. वहिनी भली बाई, पण तीही वैतागली. घरात वाळवी होईल म्हणाली. आईनं ते गॅलरीत विटांवर ठेवलं, भिंतीपासून वीतभर सोडून, आप्पा ठेवायचे तसं. दर उन्हाळ्यात ती एकेक लाकूड उन्हात मांडायची, फडक्यानं पुसायची आणि परत भरायची. नातवंडांनी विचारलं तर सांगायची, “तुमच्या आजोबांचं हाय.” थंडीत तिची छाती वाजायची, भाऊ चांगला हीटर लावायचा, तिथं लाईटही असायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, “आई, एक लाकूड पेटवू का गच्चीत, शेकतेस का?” तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय बदलला.

ती गेली तेव्हाही थंडीच होती. दवाखान्यातून घरी आणली आणि आणल्यावर मी तिचे पाय चोळत बसले, काही उपयोग नाही हे माहीत असून. निघायच्या वेळी भाऊ गॅलरीत गेला आणि पोतं खांद्यावर घेऊन आला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मला म्हणाला, “तू पण चल.” मी पहिल्यांदाच स्मशानात गेले.

अमरधाममध्ये सरण रचून तयार होतं, तिथलीच लाकडं, पुरुषभर लांबीची. भावानं पोतं उपडं केलं. सरण रचणारा माणूस समजूतदार होता. त्यानं एक लाकूड हातात घेऊन पाहिलं आणि हळूच म्हणाला, “दादा, हे चुलीचं लाकूड हाय. हे सरणाला लावत नाय.”

भाऊ रिकामं पोतं हातात धरून उभा राहिला. लाकडाच्या एका बाजूला कुऱ्हाडीची खूण होती, गाठीजवळ वार चुकलेला. आप्पांनी त्या गाठीशी काय बोलणं केलं असेल ते मला जसंच्या तसं ऐकू आलं.

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तिच्यासाठीच तोडलेलं आहे.”

“मग कुठं लावू?”

“छातीवर ठेवा,” मी म्हटलं. “तिला तिथंच थंडी वाजायची.”